अल्बोरादा क्लबची शेवटची हजेरी

आमचा क्लब नक्की कोण विकत घेतंय, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. कंपनी लक्झेंबर्गची, पैसा टेक्सासचा, आणि भेटायला यायचा तो माणूस बेल्जियमचा. त्याचं नाव बार्ट. मी आमच्या अध्यक्षाला, दार्दोला, एकदा सरळच विचारलं, "मालक कोण होणार ते मला एका वाक्यात सांग." तो तीन वाक्यं बोलला आणि चौथ्यात स्वतःच अडकला.

"दोन्या झुल्मा, फंड आहे तो. फंडाला असं तोंड नसतं."

"मग शिव्या कुणाला घालायच्या?"

हा प्रश्न मी चेष्टेने विचारला नव्हता. आमच्याकडे संघ हरला की अध्यक्षाच्या दारात जाऊन शिव्या घालतात. दार्दोच्या बायकोने तेवढ्यासाठी रस्त्याकडची झोपायची खोली बदलून मागे नेली आहे. आता लक्झेंबर्गला कोण जाणार?

मी झुल्मा बेन्तांकोर, वय बासष्ट, म्हणून मानाने दोन्या म्हणतात. मोंतेविदेओच्या खाडीकडे, बंद पडलेल्या मांसाच्या कारखान्यामागे आमची वस्ती आहे आणि वस्तीच्या मधोमध अल्बोरादा क्लबचं फुटबॉलचं मैदान. मी सभासद क्रमांक एकशे अठरा. मी जन्मले त्या दिवशी पपांनी आधी क्लबात जाऊन माझं नाव घातलं आणि सरकारी नोंद दुसऱ्या दिवशी केली, त्यामुळे सरकारच्या लेखी मी एक दिवसाने लहान आहे. गेली सव्वीस वर्षं सभासदांची यादी माझ्या ताब्यात आहे. ती मी कुणाला हात लावू देत नाही.

ह्या यादीत एक गोम आहे. क्लबची घटना एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली लिहिली गेली. लिहिणारे सगळे कारखान्यात मांस कापणारे, विशी-पंचविशीतले. सभासदत्व कधी संपतं याची त्यांनी दोनच कारणं लिहिली: राजीनामा दिला तर, किंवा मैदानात पंचाला मारलं तर. माणूस मरतो हे काही त्यांना त्या वयात सुचलं नाही. मग त्यांच्यातला पहिला गेला आणि नाव काढायची वेळ आली, तेव्हा त्याची बायको भांडायला उठली. ह्यांनी राजीनामा दिला का? नाही. पंचाला मारलं का? तेही नाही. मग नाव काढणारे तुम्ही कोण? शेवटी नाव राहिलं. त्यानंतर कुणाचंच निघालं नाही.

मेलेल्याकडून वर्गणी कशी घ्यायची, म्हणून असं ठरलं की हंगामाच्या आधी घरच्यांनी त्याच्या नावाने एक पिशवी चुना आणून द्यायचा. त्याच चुन्याने मैदानावरच्या रेषा आखायच्या. माझ्या आठवणीत क्लबने चुना कधी विकत घेतलेला नाही. आणि वर्षातून एकदा सर्वसाधारण सभेत सगळ्यांची नावं वाचतात, तेव्हा मेलेल्याचं नाव आलं की घरचं कुणीतरी म्हणतं, "हजर."

यादी वाचते मीच. क्रमांक एकतीस, एव्हारिस्तो बेन्तांकोर. हे माझे पपा. नाव मी वाचायचं आणि "हजर" मीच म्हणायचं, असं एकोणीस वर्षं चाललं होतं. त्यावर कधी कुणी हसलं नाही.

तर ऑगस्टातल्या एका मंगळवारी दुपारी दार्दो माझ्याकडे आला. हातात बेकरीतल्या गोड बिस्किटांचा पुडा होता, तेव्हाच मला वास आला. हा पोरगा खेळायचा तेव्हापासून मी त्याला ओळखते. पेनल्टी हुकवली की दुसऱ्या दिवशी असाच पुडा घेऊन दारोदार फिरायचा.

"स्टँडचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे," तो म्हणाला.

माहीत होतं. तडे गेले म्हणून इंजिनियरने स्टँड बंद केला होता. डिसेंबरपर्यंत नवा उभा राहिला नाही, तर आम्हाला लीगमधून काढून टाकणार होते. क्लबकडे तर नवीन जाळी घ्यायची ऐपत नव्हती. फंडवाले स्टँड बांधून देणार, वर हिरवं प्लॅस्टिकचं गवत घालणार, खेळाडूंना दर महिन्याला पगार देणार.

"मग घाल सभेत ठराव. मी काय करू?"

"विकायचं तर यादीतल्या दोन तृतीयांश लोकांनी हो म्हणायला पाहिजे. यादीत चारशे बारा नावं आहेत. म्हणजे दोनशे पंचाहत्तर."

"मग?"

"जिवंत दोनशे चोपन्न आहेत, दोन्या झुल्मा."

मी दोनदा मनात मोजलं. सगळी जिवंत वस्ती एकमुखाने हो म्हणाली असती, तरी गाडं अडणारच होतं.

"नावं काढावी लागतील," दार्दो माझ्याकडे न बघता म्हणाला. "एकशे अठ्ठावन्न. सभा रविवारी आहे. तुम्हीच काढली तर कुणी काही बोलणार नाही."

"म्हणजे पपांना मी गेटबाहेर काढू? आणि त्यासाठी तू मला बिस्किटं आणलीस?"

"नाही काढली तर डिसेंबरात क्लबच राहत नाही. मग जिवंत काय नि मेलेले काय, कुठल्या यादीत बसणार?"

मी त्याला हाकलून दिलं. बिस्किटं ठेवून घेतली.

त्यानंतरचे चार दिवस माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. सकाळी उठले की वाटायचं, विकावा. तो स्टँड पपांनी आणि त्यांच्या मित्रांनी रविवारी रविवारी विटा वाहून बांधलेला, तो पडून गेलेला मला बघवणार नाही. दुपारी वाटायचं, विकू नये, फंड तो स्टँड पाडूनच नवा बांधणार आहे. संध्याकाळी दोन्ही एकदम वाटायचं. पपा असते तर काय म्हणाले असते, हेही मला ठरवता येईना. त्यांच्या तोंडी मी दोन्ही ऐकलं होतं. हरल्यावर तारेच्या कुंपणाला लटकून ते ओरडायचे, "विकून टाका रे हा भंगार क्लब, नाहीतर जाळून टाका!" आणि शेजारच्या वस्तीतल्या क्लबाने आमचा साधा गोलरक्षक मागितला, तेव्हा पपा आठवडाभर जेवले नव्हते. आता ह्यातलं त्यांचं मत कुठलं धरायचं?

गुरुवारी मी यादी समोर घेतली, पेन्सिलीला टोक काढलं, आणि क्रमांक एकपाशी बसून राहिले. तो माणूस मी कधी पाहिलेलासुद्धा नाही. तरी हात उठेना. पेन्सिल पुन्हा डब्यात टाकली आणि मैदानाकडे गेले.

वॉशिंग्टन रेषा आखत होता. तो आणि मी एकाच महिन्यातले, एकाच शाळेतले. कपडे, चेंडू, रेषा, पाण्याच्या बाटल्या, सगळं तोच बघतो. बार्टही तिथे उभा होता, सहा फुटांचा, लालबुंद कानांचा, आणि खरं सांगायचं तर स्वभावाने चांगला. वॉशिंग्टनने त्याला माते, म्हणजे आमच्याकडचा नळीने प्यायचा कडू चहा, पेल्यातून दिला होता; त्यातली नळी कधी हलवायची नसते. बार्टने तीच धरून ढवळायला सुरुवात केली, चहात चमचा ढवळतात तशी. वॉशिंग्टनचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्याच्या आईला ढकललं. पण पाहुणा म्हणून त्याने नुसती चुन्याची गाडी पुढे ढकलली.

"नव्या मैदानावर तुम्हाला एवढं वाकावं लागणार नाही," बार्ट त्याला म्हणाला. त्याची भाषा पुस्तकातून शिकलेली, पण नीट होती. "रेषा गवतातच विणलेल्या येतात. पांढऱ्या. पंधरा वर्षं टिकतात."

वॉशिंग्टनने चुन्याची गाडी थांबवली. "मग डेलिया काय आणणार?"

"डेलिया कोण?"

"माझी बायको. दर वर्षी एक पिशवी आणते."

"अरे, मग आता त्यांना काही आणायची गरज नाही," बार्ट मनापासून म्हणाला. "त्यांनी नुसतं यावं. चांगली खुर्ची देऊ."

डेलियाला जाऊन सहा वर्षं झाली होती. वॉशिंग्टन माझ्याकडे बघायला लागला, मी चुन्याकडे. शेवटी तो म्हणाला, "सांगतो तिला."

बार्ट गेल्यावर मी विचारलं, "तू काय करणार रविवारी?"

"माझं मत 'नाही'."

"आणि डेलियाचं?"

"तिचं 'होय'. मी म्हणेन त्याच्या उलटं करायची ती, तुला ठाऊक आहे." मग त्याने गाडीला जोरात ढकलून कोपऱ्यापर्यंत रेष नेली आणि तिथून ओरडला, "काल माझं होय होतं, तेव्हा तिचं नाही होतं! मला विचारू नकोस काही!"

रंग बदलणार नाही, नाव बदलणार नाही, असं बार्टने लिहून दिलं होतं. दहा वर्षं. मग अकराव्या वर्षी काय, असं मी त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, तेव्हा आढावा घेऊ. ह्या माणसावर रागावताही येत नव्हतं, ही आणखी एक कटकट.

रविवारी सकाळी दहाला सभा भरली. आमचा बुशांचा हॉल, म्हणजे म्हातारे लाकडी गोळे टाकतात ती लांबट खोली, गच्च भरला होता. थर्मास बगलेत धरून लोक भिंतींना टेकून उभे होते. पुढच्या टेबलाशी दार्दो, बार्ट, आणि फंडाने शहरातून आणलेला वकील बसले होते. आमच्याकडे वकिलालाही डॉक्टर म्हणतात. हा डॉक्टर तिशीतला होता, बूट चकचकीत, आणि समोर त्याने पांढराशुभ्र कागद मांडून ठेवला होता.

दार्दोने माझ्याकडे पाहिलं. मी यादी काखेत धरून उभी होते. "झालं का?" असं त्याने डोळ्यांनीच विचारलं. मी मान हलवली. तिचा अर्थ होय की नाही, हे त्याला कळलं नसणार, कारण मलाही कळला नव्हता. मी यादी जशीच्या तशी आणली होती. एक रेघ मारलेली नव्हती.

मी वाचायला सुरुवात केली.

पहिलं नाव. "हजर," मागून एक नातू म्हणाला. दुसरं नाव. "हजर." तिसऱ्याचं कुणी उरलेलं नव्हतं, तेव्हा नेहमीप्रमाणे दोन-तीन जण मिळून म्हणाले. डॉक्टर प्रत्येक वेळी कागदावर छोटी रेघ मारत होता. एकतीसवर आले. "एव्हारिस्तो बेन्तांकोर," मी वाचलं, आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, "हजर." डॉक्टरने रेघ मारली. डेलियाच्या वेळी वॉशिंग्टनचा आवाज सगळ्यांत मोठा लागला. नेहमीच लागतो.

तासाभराने यादी संपली. डॉक्टरने रेघा मोजल्या आणि त्याचा चेहरा खुलला.

"उत्तम! तीनशे अठ्ठ्याऐंशी हजर. एवढा प्रतिसाद मी कुठल्याच क्लबात पाहिला नाही."

मग त्याने मान वर करून हॉल पाहिला. हॉलमध्ये फार तर अडीचशे माणसं मावतात. त्याने पुन्हा कागद पाहिला. पुन्हा हॉल पाहिला. बार्टच्या कानात काही बोलला. बार्टने खांदे उडवले.

"क्षमा करा," डॉक्टर म्हणाला, "बाकीचे लोक कुठे आहेत? बाहेर?"

एक म्हातारा म्हणाला, "बाहेर, एका अर्थी." आणि तिथल्या तिथे गप्प झाला, कारण त्याच्या बायकोने त्याला कोपर मारलं.

"यादी आपली आहे ना, सेन्योरा?" डॉक्टर माझ्याकडे वळला. त्याचा आवाज वाईट नव्हता. खरोखरच गोंधळला होता बिचारा. "क्रमांक एकतीस. हे माझ्या लक्षात राहिलं, कारण ते 'हजर' आपण स्वतः म्हणालात. सेन्योर एव्हारिस्तो बेन्तांकोर. ते कुठे बसलेत, जरा दाखवाल का?"

सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. मी "हजर" म्हणून अडून बसले, तर डॉक्टर कागद गुंडाळून निघून जाणार आणि डिसेंबरात सगळं संपणार. खरं बोलले तर पपा जाणार. दार्दोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. एकोणीस वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. वस्तीत सगळ्यांना माहीत होतं, आणि वस्तीबाहेरच्यांचा काय संबंध? त्यामुळे ते वाक्य मी कधी तोंडाने उच्चारलंच नव्हतं. दफनाच्या दिवशीसुद्धा नाही.

"वारले," मी म्हटलं. माझा आवाज कुठून तरी लांबून आला. "माझे वडील वारले. एकोणीस वर्षं झाली. रविवार होता, रेडिओ कानाला लावलेला होता, आपण एक-शून्यने पुढे होतो. नंतर आपण दोन-एक हरलो, पण ते त्यांना कळलं नाही."

कुणीतरी नाक ओढलं. मी यादी टेबलावर ठेवली. पेन्सिल आणलेली नव्हती. डॉक्टरने आपलं पेन पुढे केलं. मी एकतीसवर रेघ मारली. शाईची.

मग मागे वॉशिंग्टन उठला. "डेलियासुद्धा," तो म्हणाला आणि बसला.

त्यानंतर एकेक जण उठायला लागला. कुणी आईचं नाव सांगितलं, कुणी भावाचं, एकाने दोघा मुलग्यांचं. काही जण कसे गेले तेही सांगत होते आणि काही नुसता क्रमांक. डॉक्टर आधी लिहून घेत होता, मग त्याने पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं. बार्टने टोपी काढली होती. त्याला कोण मेलंय हे समजत नव्हतं, पण कुणीतरी मेलंय एवढं समजलं असावं. मला वॉशिंग्टनचा राग आला, दार्दोचा आला, घटना लिहिणाऱ्या त्या पंचविशीतल्या पोरांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा. चार दिवसांत घरी बसून गुपचूप काढली असती नावं, तर ह्या सगळ्यांना असं उभं राहावं लागलं नसतं.

उरले दोनशे चोपन्न. त्यातले हॉलमध्ये दोनशे तीस. डॉक्टर हळू आवाजात म्हणाला की आता तो स्वतः यादी वाचेल आणि ज्याचं नाव येईल त्याने होय किंवा नाही म्हणावं. मी यादी त्याच्याकडे दिली आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सभेत खुर्चीवर जाऊन बसले, वॉशिंग्टनच्या पुढच्या रांगेत.

डॉक्टरने पहिलं नाव घेतलं ते थेट क्रमांक चव्वेचाळीस. तो म्हातारा इकडे-तिकडे बघायला लागला, कारण त्याच्या आधी तेवढ्यांची नावं ऐकायची त्याला सवय होती. "होय," तो पुटपुटला. मग पुढचा. होय. नाही. होय. होय. नावं किती भरभर येत होती! मी स्वतः वाचायचे तेव्हा माझ्या नावापर्यंत पोहोचायला निवांत वेळ मिळायचा. पपा यायचे, त्यांचे मित्र यायचे, मग बऱ्याच वेळाने मी. मी अजून पपांच्या नावाची वाट बघत होते. मला माहीत होतं की ते येणार नाही, तरी कान तिकडेच होते. होय म्हणायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नव्हतं. वाटलं होतं, पपांचं नाव आलं की आपोआप सुचेल.

"क्रमांक एकशे अठरा. झुल्मा बेन्तांकोर."

मी तोंड उघडलं. काही आलं नाही. होय नाही आणि नाहीसुद्धा नाही. हाताने खुर्ची घट्ट धरली.

"झुल्मा बेन्तांकोर?" डॉक्टर पुन्हा म्हणाला आणि समोरच्या गर्दीत मला शोधू लागला.

"हजर!" माझ्या मागून वॉशिंग्टन ओरडला. सवयीनेच, अगदी मोठ्या आवाजात, डेलियासाठी ओरडतो तसाच. ओरडल्यावर त्याच्या लक्षात आलं. "अगं... मी आपलं..." असं काहीतरी तो म्हणाला आणि त्याचा हात माझ्या खांद्यावर येऊन थांबला.

कुणी हसलं नाही.

"सेन्योरा," डॉक्टरने पेन कागदावर टेकवून विचारलं, "होय की नाही?"

ठराव मंजूर झाला. एकशे त्र्याऐंशी होय, सेहेचाळीस नाही. उरलेलं एक मत इतिवृत्तात वेगळं लिहिलेलं आहे. असं मत नसतं, असं डॉक्टर मला दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेळा मी त्याला एकच सांगितलं.

"वॉशिंग्टन म्हणाला ना, तेच लिहा."